कोंडाबाईचं शाबूत मडकं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती, ते विचारू नका, मोजणारं कुणी उरलेलं नाही. बाळांनो, तुम्ही पुढे सरकून बसा. आणि बाळांच्या मागे बसून उगाच इकडेतिकडे बघणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण खरं सांगायचं तर गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

एक राज्य होतं. राजा भला होता आणि थोडा हौशी होता. त्याच्या राजधानीत महिन्यातून एकदा प्रजासभा भरे. प्रत्येक पट्टीतल्या गावांनी आपला एक पंच निवडून पाठवायचा आणि त्याने राजाच्या कारभाराला प्रश्न विचारायचे, अशी तिथली जुनी रीत होती. मात्र नुसत्या तोंडाने प्रश्न विचारता येत नसे. प्रश्नाची साक्ष म्हणून एखादी वस्तू चौरंगावर ठेवावी लागे. विहिरीचं पाणी गढूळ आहे म्हणायचं, तर तांब्या भरून आणायचा. कोठारातलं धान्य किडलंय म्हणायचं, तर मूठभर धान्य आणायचं. शब्द कसेही वळवता येतात, वस्तू वळवता येत नाही, असा त्यामागचा विचार होता. आणि जो खोटी साक्ष ठेवील, त्याचं पंचपद जाई.

डोंगरपट्टीच्या सात गावांनी कोंडाबाई कुंभारणीला पंच नेमलं होतं. बाई साठीची, गुडघ्यांनी अधू, पण बोलायला एकदम सरळ. तिच्या घराला लागून एका कोष्ट्याचं घर होतं. दिवसभर त्याचा माग खटखटे आणि तिचं चाक फिरे. मधल्या भिंतीवरून दोघांच्या गप्पा चालत.

डोंगरपट्टीहून राजधानीला जायचं तर खिंडीतली एकच वाट होती आणि त्या वाटेवर आठवड्याला एक सरकारी चारचाकी बैलगाडी. बाजारहाट, वैद्याकडे जाणं, लेकीला माहेरी आणणं, सगळं त्याच गाडीने. वाटेत खड्डे असे, की गाडीत बसलेल्या माणसाने शेजाऱ्याला धरून बसायचं आणि शेजाऱ्याने देवाला. चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे धावा, सैल झालेल्या, वंगणाचा पत्ता नाही. आपल्या बाईने ही वाट तेवढी दुरुस्त करून घ्यावी, एवढंच सात गावांचं मागणं होतं. कोंडाबाईला पंच नेमलं होतं ते याच एका कामासाठी.

पहिल्या सभेला निघताना कोंडाबाईने एक चांगलं भाजलेलं मडकं मांडीवर घेतलं आणि गाडीत मागच्या चाकावरच्या जागेवर जाऊन बसली. ती जागा सगळ्यांत वाईट. पंचाने चांगली जागा अडवू नये, असं तिचं म्हणणं. खिंड उतरेपर्यंत मडक्याची खापरं झाली. तिने ती पदरात बांधली आणि सभेत चौरंगावर ओतली.

“महाराज, आमच्या वाटंवर मडकं टिकत न्हाई, मग माणूस कसा टिकंल?”

प्रधान उठला. प्रधान हुशार होता, वाईट नव्हता. फक्त त्या वाटेने तो कधी गेला नव्हता. त्याचं घर नदीकाठच्या सपाटीवर आणि दाराशी घोडा. कारकुनांनी लिहून दिलेलं वाचायचं आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या, असा त्याचा कारभार. त्याने कागद उलगडून सांगितलं, की डोंगरपट्टीच्या वाटेसाठी दिलेले दहा हजार होन पूर्ण खर्च झालेले आहेत. वाटेवर सात गावांच्या नावाने सात दगडी कमानी उभ्या आहेत. गाडीला नवा रंग दिला आहे. बैलांना घुंगरू आहेत, गाडीवानाला फेटा आहे. एवढा खर्च झाल्यावर वाट वाईट कशी असेल?

हे सगळं खरं होतं. कमानी होत्या. प्रत्येक कमानीखाली दहा पावलं फरसबंदीही होती. पुढच्या कमानीपर्यंत पुन्हा खड्डे.

“खर्च कुठं गेला ते मी इचारत न्हाई,” कोंडाबाई म्हणाली. “खड्डा का ऱ्हायला, तेवढं सांगा.”

सभेत हशा पिकला आणि प्रधान पुन्हा आपला कागद चाळू लागला. राजाने ठरवलं, की पुढच्या सभेत पुन्हा मडकं आणावं. तेही फुटलेलं निघालं, तर त्या वर्षाचे दोन हजार होन खड्डे बुजवायला द्यायचे. शाबूत निघालं, तर त्यातून आठवी कमान बांधायची. डोंगरपट्टीत त्या रात्री गोडधोड झालं. मडकं फुटणारच होतं, त्यात कुणाला शंका नव्हती.

महिना सरला. सभेच्या आदल्या दिवशी कोंडाबाईच्या दारात चार भोई मेणा घेऊन उभे राहिले. प्रधानाने निरोप पाठवला होता, की पंच वयस्कर आहेत, त्यांच्या गुडघ्यांना त्रास होतो असं कळलं, सभेच्या मानकऱ्याचे असे हाल होणं बरं नाही. निरोपात एकही शब्द वावगा नव्हता.

कोंडाबाईने आधी नको म्हटलं. मग तिने गुडघ्यांवर हात ठेवला. त्या दिवशी ते फारच ठणकत होते. एकदा बसल्याने काय बिघडतंय, तिला वाटलं. प्रश्न तर आपण विचारणारच आहोत. मडकं मांडीवर घेऊन ती मेण्यात बसली. भोयांनी खिंडीची वाट घेतलीच नाही. ते डोंगराच्या कडेने पाऊलवाटेने गेले, हळूहळू, एका तालात. कोंडाबाईला आयुष्यात पहिल्यांदा प्रवासात झोप लागली.

सभेत तिने मडकं चौरंगावर ठेवलं तेव्हा त्याला साधी चीरही गेलेली नव्हती.

प्रधान उठला. आवाज न चढवता त्याने विचारलं, “कोंडाबाई, मडकं तुम्ही डोंगरपट्टीहून आणलंत ना?”

“व्हय.”

“आणि ते शाबूत आहे.”

“व्हय.”

कशातून आणलंत, असं कुणी विचारलं नाही. कोंडाबाईने सांगायला तोंड उघडलं. मग तिच्या मनात आलं, की हे सांगितलं तर मेण्यात बसले हेही सांगावं लागेल, सगळे हसतील, आणि सात गावांत तोंड कसं दाखवायचं? तिने तोंड मिटलं. एवढ्यात राजा प्रसन्न होऊन म्हणाला, की वाट सुधारलेली दिसते, तेव्हा आठवी कमान बांधायला हरकत नाही. कारकुनाने ते लिहून घेतलं. कोंडाबाईला फार लाज वाटली, पण लाज वाटून कागदावरचं अक्षर पुसलं जात नाही.

परतताना मेणा तसाच मऊ होता, पण तिला झोप आली नाही.

गावच्या वेशीवर माणसं जमली होती. तिला वाटलं, आपल्याला जाब विचारायला आलीत. पण तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. त्या दिवशी राजधानीहून परतणारी गाडी खिंडीत तिसऱ्या कमानीपुढे कलंडली होती. मागच्या चाकाची धाव निखळली आणि चाक बसलं. बाकीच्यांना खरचटलं होतं. शेजारचा कोष्टी मात्र चाकाखाली सापडला होता. त्याच्या उजव्या हाताचा चुरा झाला होता.

कोंडाबाई त्याच्या घरी गेली आणि उंबऱ्यातच बसली. आत जायचं तिला धाडस होईना. आपण मेण्यातून गेलो, सभेत गप्प बसलो, हे सगळं तिने तिथूनच सांगितलं. कोष्ट्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

“तुझी जागा मोकळी दिसली, आक्का. म्हणून बसलो.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. ती घरी आली आणि पदर तोंडात धरून रडली. पुढचा महिनाभर मधल्या भिंतीपलीकडून मागाचा आवाज आला नाही.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी भोई पुन्हा दारात आले. कोंडाबाईने त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि रिकामा मेणा परत धाडला. दुसरं मडकं घेऊन ती गाडीत चढली, मागच्या चाकावरच्या जागेवर बसली. राजधानी येईपर्यंत पदरात खापरं होती आणि गुडघे सुपाएवढे सुजले होते.

सभेत तिने खापरं चौरंगावर ठेवली आणि प्रश्न विचारण्याआधी हात जोडले.

“मागल्या सभेत म्यां खोटी साक्ष दिली, महाराज. बोलून न्हाई, गप ऱ्हाऊन. मडकं गाडीतनं आलं न्हवतं, मेण्यातनं आलं होतं. रीतीपरमाणं माझं पद जाऊ द्या. पर जायच्या आधी ही खापरं बघा.”

प्रधान म्हणाला, जी बाई एकदा खोटी ठरली, तिच्या खापरांवर विश्वास कसा ठेवायचा? घरीच फोडून आणली नसतील कशावरून? राजालाही ते पटल्यासारखं झालं. कोंडाबाईने मान हलवली. माझंही मानू नका आणि प्रधानजींचंही मानू नका, असं ती म्हणाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गाडी दुपारी परत निघते, बाजारात हवं ते मडकं विकत मिळतं.

राजा हौशी होता हे मी आधीच सांगितलंय. त्याने मडकं आणवलं, पाणी भरून घेतलं आणि मांडीवर धरून मागच्या चाकावरच्या जागेवर जाऊन बसला. समोर प्रधान बसला. पहिली कमान आली. फरसबंदीवरून गाडी अलगद गेली आणि प्रधान म्हणाला, “पाहिलंत महाराज, किती गुळगुळीत!” त्याचं वाक्य संपलं आणि फरसबंदीही संपली. पुढच्या धक्क्याला प्रधानाची पगडी खाली पडली. दुसऱ्या कमानीशी राजाचा अंगरखा भिजला. तिसऱ्या कमानीपुढे मडकं फुटलं आणि उरलेलं सगळं पाणी दोघांच्या अंगावर गेलं.

राजा खाली उतरला. खड्ड्यापाशी जाऊन उभा राहिला. तिथे निखळलेली धाव अजून पडून होती.

“मला कारकुनांनी तसं सांगितलं होतं, महाराज,” प्रधान हळूच म्हणाला.

“मलाही तुम्ही सांगितलं होतं,” राजा म्हणाला. “आपण दोघंही नुसतं ऐकतच आलो.”

आठव्या कमानीचे घडीव दगड वाटेच्या कडेला आणून ठेवलेले होते. दुसऱ्या दिवसापासून ते फोडून खड्ड्यांत भरायला सुरुवात झाली. ते पुरले नाहीत, तेव्हा उरलेल्या सातही कमानी उतरवल्या. चाकांना नव्या धावा बसल्या, आसाला वंगण लागलं. प्रधानाने स्वतःहून मागणी केली, की इथून पुढे वाटेबद्दल उत्तर देणाऱ्याने त्याच वाटेने सभेला यावं. पहिले काही महिने तो कंबर धरूनच उत्तरं देत असे.

कोंडाबाईचं पद राहू द्यावं, असं राजाच्या मनात होतं. तिनेच नको म्हटलं. साक्षीची रीत आपल्यासाठी वाकवली तर उद्या कुणाच्याही मडक्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं. सात गावांनी मग कोष्ट्याला पंच नेमलं. त्याचा हात बरा झाला, पण वाकडाच राहिला. मागावर सूत फिरवायचा धोटा काही त्याला पुन्हा धरता आला नाही. वाटेचा प्रश्न निघाला की तो दुसरी कसली साक्ष आणत नसे. चौरंगावर आपला उजवा हात ठेवत असे.

कोंडाबाई पुढे पुष्कळ वर्षं जगली. तिच्या घरी फळीवर एक सुबक मडकं असे. त्यात ती कधी पाणी भरत नसे, विकायलाही काढत नसे. एवढं चांगलं मडकं असं का ठेवलंय, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, “चांगलं कसलं? माझ्या हातनं झालेलं सगळ्यात वाईट मडकं हाय ते. फुटायचं तवा फुटलं न्हाई.”

तात्पर्य: लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने आपल्यापुरती वेगळी सोय स्वीकारली, की लोकांचा प्रश्न त्याच्या तोंडातच राहतो.