इंजिन कुणी उघडलं होतं?

घाटाखालच्या एका गावात केरबा नावाचा एक माणूस राहत होता. बायको देवाघरी गेलेली, लेकी आपापल्या संसारात. त्याला दोनच सोबती उरले होते. एक त्याची जुनी मोटार आणि दुसरा फाट्यावरचा मिस्त्री दस्तगीर. संध्याकाळी फाट्यावर पोचला की केरबा हॉर्न वाजवायचा, आणि दस्तगीर बाकावरची अवजारं बाजूला सारून त्याला बसायला जागा करायचा.

एकदा दस्तगीरनं इंजिनाच्या आतला दातेरी पट्टा बदलला. दुसऱ्या दिवशी केरबा घाट चढू लागला, तर गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरायला लागली. कितीही रेस दिली तरी ओढेना. केरबाला वाटलं, दस्तगीरच्या हातून चूक झाली, हे त्याला तोंडावर कसं सांगायचं? तो दुखावला तर संध्याकाळी जायचं कुणाकडं? भिडस्त माणसाचं डोकं कसं चालतं बघा! तो गुपचूप तालुक्याच्या गॅरेजात गेला.

तिथल्या मिस्त्रीनं पहिलंच विचारलं, "अलीकडं इंजिन कुणी उघडलं होतं का?"

मित्राच्या नावाला बट्टा नको म्हणून केरबा म्हणाला, "छे! कुणी हातसुदिक लावला न्हाई."

झालं! त्या मिस्त्रीनं पट्टा सोडून सगळं पाहिलं. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, इंजिनाखालचे रबर नवे घातले. थरथर काही जाईना. ती दस्तगीरच्या कानावर पडू नये म्हणून केरबा फाटा टाळून ओढ्याकाठच्या वाटेनं ये-जा करू लागला. संध्याकाळी अंगणात गाडीशेजारी एकटाच बसे. घर खायला उठे. ज्याला गमवायचं नव्हतं, त्यालाच तो स्वतःच्या हातानं लांब लोटत होता. आणि वेड्याला हे कळतही होतं.

शेवटी एका संध्याकाळी त्याला राहवेना. त्यानं गाडी फाट्यावर नेली. हॉर्न वाजवायचा धीर झाला नाही.

"दस्तगीर, तू पट्टा बसवल्यापासनं गाडी थरथरतीया. चढाला ओढत न्हाई."

दस्तगीरनं इंजिनाचं झाकण उघडलं. पट्टा एक दात पुढं बसला होता. त्यानं तो सैल करून खुणेला खूण जुळवली. गाडी पुन्हा सुरू केली, तर थरथर गेली होती.

"माझीच चूक हाय की रं," तो हात पुसत म्हणाला. "मग त्याच दिवशी का न्हाई सांगितलंस?"

"तुला वाईट वाटंल म्हनून."

दस्तगीर खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, मीच काय तरी वावगं बोललो, म्हनून तू यायचं सोडलंस."

केरबानं बाकाकडं पाहिलं. आज हॉर्न वाजला नव्हता, तरी बाकावर एकही अवजार नव्हतं. केरबा आला नव्हता त्या प्रत्येक संध्याकाळी तो तसाच रिकामा ठेवलेला होता.

तात्पर्य: जिवलगाची चूक जगापासून झाका, पण त्याच्यापासून झाकू नका; भिडेपोटी गप्प बसलं तर बिघाड तसाच राहतो आणि दोन्हीकडची माणसं एकटी पडतात.