शेवटचा ठोंब

एका राज्यात उन्हाळा सर्वांना सोसे, राजालाच तेवढा सोसत नसे. राजाचे नाव तुंगसेन. त्याने आज्ञा केली, महालाच्या प्रत्येक खिडकीला वाळ्याचा पडदा हवा, आणि तोही लगेच हवा. राजाच तो, त्याला कोण अडवणार? नदीकाठचा सारा वाळा उपटला गेला. मुळ्या विणायला गेल्या, वरचे ठोंब चुलीत गेले.

पडद्यांवर पाणी शिंपडले, महालभर गार सुगंध पसरला, आणि त्याच दुपारी राजकन्या शाल्मलीच्या अंगाची आग होऊ लागली. राजाने तिच्या कपाळावर हात ठेवला तर तळव्याला फोड आला. राजा हबकला.

राजवैद्य विष्णुशर्मा धावत आले. त्यांनी वाळा उगाळून कपाळी लेप दिला. लेपाची राख झाली. माठात वाळ्याची जुडी सोडली. पाणी उकळू लागले. काढा पाजायला गेले. तो ओठांशी पोचण्याआधीच आटला. असे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

तोच खिडकीत टिटवी येऊन बसली. सारे दचकले. ती म्हणाली, "राजा, वाळा अंगातली आग ओढून मातीत नेतो. म्हणून मुळ्या कापून ठोंब परत लावायचा, ही रीत. तू ठोंब जाळलेस. आता आगीने जावे कुठे?"

"ते जाळायला कोणी सांगितले?" राजाने विचारले.

वैद्य मान खाली घालून म्हणाले, "आपणच, महाराज. परत लावण्यात वेळ जातो, म्हणालात."

राजाला दुसऱ्याच्या नावाने खडे फोडायचीही सोय उरली नव्हती.

टिटवीने सांगितले, नदीकाठी तिच्या अंड्यांना आडोसा देणारा एकच ठोंब उरला आहे. राजाने अनवाणी यावे, हातांनी उकरावे, आणि मुळ्या घेतल्यावर पाऊल उचलण्याआधी ठोंब परत लावावा.

राजा तापल्या वाळूतून अनवाणी धावला. नखे तुटेस्तोवर त्याने उकरले. मुळ्या हाती आल्या आणि महालातून शाल्मलीची किंकाळी ऐकू आली. राजाचे पाय तिकडे वळू लागले. मग तो मटकन खाली बसला आणि रडत रडत त्याने ठोंब मातीत दाबला, ओंजळीने पाणी घातले. माती तव्यासारखी चरचरली.

त्या मुळ्यांचा लेप मात्र कपाळावर ओलाच राहिला. शाल्मलीने डोळे उघडले आणि प्यायला पाणी मागितले. त्याच क्षणी खिडक्यांवरचे सारे पडदे राख होऊन गळून पडले.

त्या ठोंबापासून पुन्हा काठभर वाळा झाला. राजाने पडदा काही परत लावला नाही. उन्हाळ्यात तो घाम पुसत दरबारी बसे. कोणी वारा घालू लागले तर म्हणे, "राहू द्या. नुसते उकडते आहे."