दोन शब्दांची अट

"गाडी विक. पण 'किती देते?' हे दोन शब्द ज्याच्या तोंडून निघतील, त्याला ती मिळणार नाही!"

सर्जेराव सरकारांचं फर्मान ऐकून वैजूनं कपाळावर हात मारला. आपल्या मुलखात गाडी घेणारा ॲव्हरेज विचारणार नाही? इथं माणूस शववाहिकेतही आधी 'किती देते?' विचारून मग आडवा होईल!

गाडी जपानहून बोटीनं आलेली, स्पोर्ट्‌स. सरकारांनी हौसेनं ती आणखी खाली बसवून घेतली, मागे पंख लावला, सायलेन्सर तर असा की गावाला वाटावं तोफ डागली! आता सरकार आत ऐटीत बसायचे आणि उतरताना दोन गडी त्यांना उपसून काढायचे. म्हणून विकायची. पण गुडघे गेले हे कबूल कोण करणार? म्हाताऱ्यांचं हे असं. दुखणं यांचं, अटी दुसऱ्याला!

वैजू सरकारांच्या ड्रायव्हरची पोरगी. कॉलेज सोडलेली, हात कायम ऑइलनं काळे.

"दसऱ्याच्या आत विकलीस तर रिकामी पागा तुझी, खुशाल गॅरेज काढ," सरकार म्हणाले. "नाही जमलं, तर जन्मभर मुदपाकखान्यात भाकऱ्या थाप!"

बिल्डर आला. गाडी बघून डोळे दिपले. "अहाहा! किती दे…"

"हाकला!" सरकार गरजले.

साखर कारखान्याच्या चेअरमनला वैजूनं फाटकातच पढवलं होतं. बिचाऱ्यानं तासभर जीभ चावून धरली. सौदा ठरला, पेढा तोंडात गेला. "बरं सरकार, जाता जाता… किती देते?"

"हाकला! पेढा काढून घ्या!"

तिसरे हाडांचे डॉक्टर. तेही घसरले, पण फाटकाबाहेरून हलेनात. "अगं, मला गाडी हवीच आहे! ते आपलं सवयीनं निघून गेलं!"

"सवयीनं?" वैजूचे डोळे लकाकले. "डॉक्टर, उद्या सकाळी इथंच थांबा!"

सकाळी सरकार झोपाळ्यावर चहा पीत होते. वैजू थेट वाड्याच्या चौकात म्हैस घेऊन आली.

"हे काय गं?"

"विकायला आलीय, सरकार. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावी."

सरकार खूश! जनावरातलं आपल्यालाच कळतं, असं प्रत्येक म्हाताऱ्याला वाटतंच. ते उतरले, पाठ थोपटली, दात पाहिले, शिंगं चाचपली. "देखणी आहे! किती देते?"

म्हैस रवंथ करत राहिली.

"सरकार," वैजूनं हात जोडले, "आता कुणाला हाकलू?"

"अगं ए! मी दुधाचं विचारलं!"

"तुमची अट शब्दांवर होती, सरकार, दुधापेट्रोलावर नव्हती! राजाच्या तोंडून निघाले तर पारख आणि रयतेच्या तोंडून निघाले तर गुन्हा? असं कसं?"

सरकारांच्या मिश्या थरथरल्या. मग पोट. मग हसता हसता ठसकाच लागला!

"बोलव त्या हाडंवाल्याला! दे किल्ली! आणि ही घे पागेची! पण माझी जीप तुझ्या गॅरेजात सगळ्यांत आधी, काय?"

"नंबरानं यावं लागेल, सरकार!"