ठमाआजीच्या सात तलंगा

खिंडीतून गाडीवाट झाली नव्हती, मीठ-तेल माणसांच्या डोक्यावरून गावात यायचं, त्या काळी तळदऱ्यात ठमाआजी राहायची. आता तळदरं म्हणजे केवढं? चाळीस उंबरे, एक ओढा आणि वर खिंड. पण घरटी कोंबड्या होत्या. कोंबडी हा बायकांचा हक्काचा जिन्नस. तिच्या अंड्यांवर बाई बांगड्या भरायची, लेकीला चोळी न्यायची, आणि नवऱ्यानं त्यात तोंड घालायचं नाही, हा गावचा रिवाज.

ठमाआजीला मूलबाळ नव्हतं, नवरा ऐन तरणेपणी गेलेला. तिचा सारा जीव कोंबड्यांत. तिनं हातात घेतलेली कोंबडी कधी फडफडली नाही, असं म्हणतात. रानमांजर तिच्या खुराड्याला वळसा घालून जायचं, असंही म्हणतात. आता रानमांजराला कोणी विचारायला गेलं होतं, ते विचारू नका.

तिच्या शेजारी पारूबाईचं घर. पारूबाई मनाची वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं तिच्या. तिच्या घरात साळू नवी सून म्हणून आली, त्याच महिन्यात पारूबाईची तांबडी कोंबडी खुडूक झाली. म्हणजे अंडी द्यायची थांबली आणि रिकाम्या जागेवरच पिसं फुगवून बसली, उठेना, खाईना. त्यावर गावाचा एकच उपाय होता. तिचंच एक पीस उपटायचं आणि तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून आरपार घालायचं. त्या त्रासानं ती बसायचं विसरते, म्हणे. पारूबाईनं साळूला कोंबडी धरायला लावली, पीस उपटलं, आणि कुडावरून आवाज आला.

"ए पारू, टाक ते पीस!"

ठमाआजी पदर खोचून आत आली. "तिला काय रोग झालाय व्हय गं? माया चढलीय तिला. माया काय टोचून उतरती?"

"मग काय आरती ओवाळू तिची?" पारूबाई म्हणाली.

आजीनं बांबूचं विरळ विणीचं डालगं घेतलं, त्यात कोंबडी ठेवली, चार दाणे आणि पाण्याची वाटी ठेवली आणि डालगं जांभळीच्या फांदीला टांगलं. खालून पोटाला वारा लागत राहिला. बायका येऊन हसून गेल्या. चौथ्या दिवशी आजीनं डालगं उतरवलं, तर तांबडी तुरूतुरू उकिरड्यावर गेली आणि माती उकरायला लागली. साळूनं हे सगळं डोळे फाडून बघितलं होतं. एवढ्या हळुवारपणे एखाद्याशी वागता येतं, हेच तिला नवीन होतं.

वर्ष गेलं आणि गावावर मर आली. सकाळी खुराडं उघडावं तर माना वाकड्या झालेल्या कोंबड्या पडलेल्या. ठमाआजीचं खुराडं तर पार ओस पडलं. अख्ख्या गावात मिळून वीसेक उरल्या, पारूबाईच्या चार. आणि त्याच भादव्यात साळूचा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला.

साळू कणगीमागच्या कोपऱ्यात बसली ती बसलीच. मांडीवर बाळाचं दुपटं. बायकांनी दूध आटावं म्हणून छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली, पण दूध आटेना आणि साळू रडेना. रडली असती तर बरं झालं असतं. पारूबाईनं चार दिवस डोक्यावरून हात फिरवला, पाचव्या दिवशी समजावलं, आणि नवव्या दिवशी तिची जीभ सुटली. "हिला माहेरी धाडते आणि पोराला दुसरी बघते," असं ती अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली. साळूनं ते ऐकलं. जाऊ दे, तिला वाटलं. मरायचंच तर इथं काय आणि तिथं काय.

एकटी ठमाआजी रोज येऊन तिच्याजवळ बसायची. एक शब्द बोलायची नाही. दहाव्या दिवशी ती पारूबाईला म्हणाली, "गावात कोंबड्या उरल्या न्हाईत. खिंडीपलीकडं जाऊन मी तलंगा आणते. मी येईस्तोवर या पोरीला जागची हलवायची न्हाई. माझी शपथ हाय तुला."

तलंग म्हणजे अंड्यावर आलेली कोवळी कोंबडी. ती आणायला म्हातारी जाऊन-येऊन दोन दिवसांची वाट पावसात एकटी चढली. जाताना ओढा तिच्यासाठी खाली उतरला, असं म्हणतात. परतताना तिच्या डोक्यावरच्या डालग्यात सात तलंगा होत्या आणि सातांपैकी एकीनंही चोच उघडली नाही. आणि खिंडीत, देवाच्या दगडापाशी, तिला एक बाई दिसली. कोणी म्हणतं मेंढरांमागं फिरणाऱ्यांतली होती, कोणी म्हणतं घरातून हाकललेली. तिचा जीव पहाटेच गेला असावा. तिच्या कुशीत दोन दिवसांची मुलगी होती, आणि ती जिवंत होती. आजीनं त्या बाईवर दगडमाती घातली, हात जोडले, पोर लुगड्याच्या ओट्यात घेतलं आणि चालू लागली. डोक्यावरचं डालगं आणि ओट्यातला जीव, दोन्ही सांभाळत ती एका दमात खिंड उतरली.

गावात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आजी थेट पारूबाईकडे गेली. तलंगांचं डालगं अंगणात पालथं घातलं आणि ती घरात शिरली. खुडूक कोंबडीच्या पुढ्यात परकं पिल्लू समोरून ठेवलं तर ती टोचते, हे आजीला ठाऊक होतं. ते द्यायचं असतं उजेड जाता जाता, मागच्या बाजूनं, पोटाखाली हळूच. आजी साळूच्या पाठीमागं बसली आणि तिच्या बगलेखालून हात पुढं नेऊन तिनं पोर त्या दुपट्याखाली सरकवलं.

साळू काही कोंबडी नव्हती. हे आपलं नाही, हे तिला हात लागताक्षणी कळलं. आपला होता तो जड होता, याचं वजन मूठभर. एकदा तिला वाटलं, ढकलून द्यावं. मग त्या पोरीनं तोंड वळवलं आणि लुगड्यावरूनच चोखायला लागली. साळूच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, आणि बारा दिवस अडलेलं रडू एकदम फुटलं. रडता रडताच तिनं छातीवरची फुलं ओरबाडून टाकली. पान्हा असा आला की दुपटं भिजलं, असं म्हणतात. त्या वेळी गावातल्या साऱ्या कोंबड्यांनी अवेळी बांग दिली, असंही म्हणतात. आता मरीतून कोंबडे वाचले होते किती, हा हिशेब मध्ये आणू नये.

रात्री घराला साळूचं रडणंच ऐकू आलं होतं; सकाळी दुपट्यातलं पोर दिसलं तशी पारूबाई ओरडली, "अगं बाई! कोणाचं गं हे?"

"माझ्या पोटाशी हाय," साळू म्हणाली. बारा दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली.

पारूबाईच्या ओरडण्यानं गाव गोळा झालं. कोणाचं, कुठलं, कुठल्या जातीचं, अपशकुनी तर नाही? अंगणात पालथ्या डालग्याभोवती पारूबाईच्या चार जुन्या कोंबड्याही फिरत होत्या आणि फटींतून नव्या तलंगांना चोची मारत होत्या. ठमाआजी डालग्याजवळ पाय पसरून बसली.

"सात दिवस," ती म्हणाली. "या तलंगा सात दिवस डालग्याखाली ऱ्हातील. जुन्यांनी बघायचं, टोचायचं न्हाई. आणि आत जे पोर हाय, त्याला बी सात दिवस कोणी काय विचारायचं न्हाई."

"पण आजी, जात..." एक जण म्हणाली.

"या तलंगा कुठल्या खुराड्यातल्या, विचारलंस का मला? अंडी मात्र खाशील की गं चाटून-पुसून!"

गाव हसलं आणि हसता हसता पांगलं. सात दिवस आजी त्या अंगणातून हलली नाही. येईल तिला एक दाणा हातात द्यायची, म्हणायची, डालग्यात टाक. रोज दाणा टाकायला येणाऱ्या बायका आधी तलंगा बघायच्या, मग दारातून आत बघायच्या. चौथ्या दिवशी कोणी तूप आणलं, सहाव्या दिवशी अळिवाचे लाडू आले. आठव्या दिवशी तिन्हीसांजेला आजीनं एकेक तलंग उचलून खुराड्यातल्या दांडीवर जुन्यांच्या मधेमधे बसवली. सकाळी सगळ्या अकरा जणी एकदम जाग्या झाल्या आणि एकाच ढिगावर उकरायला लागल्या. तोवर आत पारूबाईनं पाणी तापवलं होतं. "दे इकडं," ती साळूला म्हणाली, "तुला न्हाऊ घालता येत न्हाई धड." पोरीला तिनं पायांवर घेतलं, आणि तेल लावता लावता तीच ढसाढसा रडली. तिचाही नातू गेला होता ना!

मुलीचं नाव गवरा ठेवलं. पुढे ठमाआजी गेली त्या दिवशी गावात एकाही कोंबडीनं अंडं दिलं नाही, असं म्हणतात. तळदऱ्यात आजही खुडूक कोंबडीच्या नाकात कोणी पीस घालत नाही, आणि बाजारातून आणलेली तलंग सात दिवस डालग्याखाली राहते. नवी सून, बदलून आलेले गुरुजी, कोणीही आलं तरी सात दिवस त्याला जेवायला बोलावतात आणि काही विचारत नाहीत. एका गुरुजींना वाटलं, गाव मुकं आहे.

आणखी एक गोष्ट तिथं ठमाआजीच्या नावानं होते. ती पहिल्यांदा केली गवरानं, स्वतः आई झाल्यावर, गावातल्या एका बाईचं तान्हं गेलं तेव्हा. तळदऱ्यात मूल गेलेल्या बाईला कोणी "विसर" म्हणत नाही. दिवे लागायच्या वेळी एखादी लेकुरवाळी आपलं अंगावर पिणारं पोर घेऊन तिच्याकडे जाते, ते तिच्या मांडीवर ठेवते आणि मागं न बघता घरी येते. सकाळपर्यंत ती ते मागायला जात नाही.