पुलाखालचं जाळं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही आठवत नाही.

हा राजा एका खोल दरीवर लोखंडाचा पूल बांधत होता. तुळया जोडायला लालबुंद खिळे लागत. एक जण भट्टीत खिळा तापवी, दुसरा तो चिमट्याने वर भिरकावी, तिसरा बादलीत झेली आणि चौथा गार व्हायच्या आत घणाने ठोकी. अशी चौघांची एकेक टोळी. काम चौघांचं, पण प्रत्येकाला वाटे, खरा कारागीर मीच! शेजारच्या टोळीशी तर बोलणंही नसे.

झेलणाऱ्यांत राही नावाची एक बाई होती. एके दिवशी तिचा पाय घसरला. तुळईला लोंबकळून ती कशीबशी वाचली. खाली उतरून ती मुकादमाला म्हणाली, "पुलाखाली जाळं बांधा. त्याशिवाय मी वर चढायची नाही."

"नको चढूस," मुकादम खेकसला. "खिळा काय, कुणीही झेलेल! उद्यापासून येऊ नकोस."

राहीला रडू कोसळलं. तिच्या घरची चूल याच कामावर पेटत होती.

मुकादमाने शेजारच्या टोळीतल्या झेलणाऱ्याला बोलावलं. त्याने राहीची बादली हातात घेतली, दरीत डोकावून पाहिलं आणि बादली खाली ठेवली. "आज ही लोंबकळली, उद्या मी लोंबकळेन," तो म्हणाला.

मग फेकणाऱ्याने चिमटा ठेवला. घण थांबले. एकेक करत सगळ्या भट्ट्या विझल्या. कालपर्यंत एकमेकांकडे न पाहणारी ती माणसं एका झाडाखाली बसून एकमेकांच्या भाकऱ्या खाऊ लागली! तिथेच त्यांनी संघ स्थापला. नियम एकच: एकाला घरी पाठवलं, तर सगळे घरी जाणार.

आठ दिवस पुलाचं काम जागचं हललं नाही. शेवटी राजा स्वतः आला. "एवढं काय आहे वर?" म्हणत तुळईवर चढला आणि चार पावलांत घामाघूम होऊन उतरला.

"जाळं बांधा!" तो म्हणाला. "आणि त्या बाईंना आधी बोलवा."

जाळं लागलं. राही हसत वर चढली. त्यात पहिलं कोण पडलं असेल? मुकादम! दुसऱ्यांवर ओरडत मागे मागे सरकताना तोल गेला आणि स्वारी धपकन जाळ्यात.

राहीने वरून विचारलं, "मुकादम, लागलं तर नाही ना?"

जाळ्यात झुलत मुकादम ओशाळून म्हणाला, "नाही गं बाई. तुमच्या संघात मुकादमाला घेता का?"

सगळा पूल खदखदून हसला. आणि हो, घेतलं त्याला.

तात्पर्य: सगळ्यांनी एक होऊन मागितलेली सुरक्षा, ती नाकारणाऱ्यालाही वाचवते.