विद्यापीठ ‘ती’ की ‘तो’?

इंग्लंडच्या राजाने भर सभेत चूक केली! विद्यापीठाच्या समारंभात तो लॅटिनमध्ये भाषण ठोकत होता. रोमन लोकांच्या त्या जुन्या भाषेत ‘विद्यापीठ’ हा शब्द स्त्रीलिंगी. राजाने तो पुल्लिंगी करून टाकला. आपल्याकडे कुणी ‘माझा नदी’ म्हणावं तसं! मागच्या बाकांवर खसखस पिकली.

राजा लालबुंद झाला. “मी चुकलो? अशक्य! माझा शब्द बरोबर कसा, हे उद्या सकाळी इथल्याच एका पंडिताने सिद्ध करावं. मला चुकीचं ठरवलं तर नोकरी जाईल. आणि खोटा आधार दिला तर मान!”

एरवी एकेका स्वल्पविरामावरून वर्षानुवर्षं भांडणारे पंडित एकाएकी खोकू लागले. कुलगुरूंनी हळूच अँब्रोज टेलबीला पुढे ढकललं. “हा नालबंदाचा मुलगा, महाराज! फार हुशार!”

श्रीमंत विद्यार्थ्यांची ताटं उचलत अँब्रोज ग्रीक-लॅटिन शिकला होता, मोठ्या कष्टाने अध्यापक झाला होता. त्याने सगळे जुने ग्रंथ उपसले. एकही राजाच्या बाजूने बोलेना! वैतागून त्याने खिडकीबाहेर पाहिलं. अध्यापक मंडळी जेवायला निघाली होती. दाढ्या, दाढ्या आणि दाढ्या! अँब्रोज एकदम हसला, ग्रंथ मिटले आणि तोही जेवायला गेला.

सकाळी राजाने दरडावलं, “बोल! विद्यापीठ ती की तो?”

“महाराज, रोमन लोक ‘ती’ म्हणत. सगळे ग्रंथही तेच सांगतात.”

“म्हणजे मी चुकलो?”

“छे! रोमन लोकांनी इथे येऊन कुठे पाहिलं होतं? विद्यार्थी पुरुष, अध्यापक पुरुष, स्वयंपाकीसुद्धा पुरुष! बाईला फाटकाच्या आत पाऊल टाकायला बंदी. असल्या जागेला ‘ती’ कुठल्या तोंडाने म्हणायचं? ग्रंथ वाचून सगळेच बोलतात. डोळे उघडे ठेवून बोलणारे आपण पहिलेच!”

कुलगुरूंना पुन्हा खोकला आला. राजा गडगडाटी हसला. “लबाडा! माग, काय हवं ते!”

“महाराज, लग्न केलं की इथल्या अध्यापकाची नोकरी जाते. पाववाल्याची मुलगी मार्जरी माझी वाट बघून कंटाळलीय.”

“कर लग्न! नोकरी राहील, घरही विद्यापीठाच्या आतच मिळेल!” राजा डोळे पुसत म्हणाला. “मार्जरी एकदा आत आली, की मीसुद्धा ‘ती’च म्हणेन!”