सहावं ताट

आटपाट नगर नव्हतं, राजा नव्हता की राणी नव्हती. रानाच्या कडेला एक इवलंसं खोपट होतं आणि त्यात टोपल्या विणणारं एक गरीब घर राहत होतं. आबा, बाबा, काका, सात वर्षांची गोदू, तिचा चिमुकला भाऊ नामू आणि आई.

आई बांबू फोडायची, पाणी आणायची, भाकऱ्या थापायची. पहिला घास देवाला, दुसरा गाईला, तिसरा कावळ्याला. मग पुरुष, मग पोरं. प्रत्येकाला तव्यावरची गरमागरम भाकरी. सगळे उठले की आई चुलीपुढेच उरलासुरला करपका तुकडा खायची. सांगा बरं, कावळ्याला वाटा आणि आईला नाही! मला तर हे सांगतानाही राग येतो.

हळूहळू आईचे ओठ पांढरेफटक पडले. एके दिवशी पाणी आणताना तिला घेरी आली आणि ती वाटेतच कोसळली. घरच्यांनी काय केलं असेल? हंड्याला पोचा आला का, ते आधी पाहिलं.

गोदू तडक रानात गेली. तिथं शेवग्याचं झाड नाजूक पांढऱ्या फुलांनी लहडलं होतं. त्यातलं एक फूल लुकलुकलं आणि बोटभर उंचीची परी खाली उतरली. पोपटी पंख, दुधासारखा झगा, पायांत दवाचे घुंगरू.

"का गं रडतेस, बाळ?" परीनं विचारलं.

"मी रडत नाही. मला राग आलाय," गोदू डोळे पुसत म्हणाली. "माझ्या आईला बरं कर."

परीनं तिच्या ओंजळीत एक चमचमती कळी ठेवली. "घरातली सगळी माणसं एका पंगतीत बसू देत. ज्याच्या कष्टानं ताट भरलं, त्याचे मनापासून आभार मानू देत. मग ही कळी उमलेल आणि आई बरी होईल. पण तीन दिवसांत उमलली नाही, तर कायमची सुकेल."

गोदूनं घरी सांगितलं. आई बरी होणार म्हणून सगळे लगबगीनं पंगतीला बसले. आबांनी देवाचे आभार मानले, बाबांनी रानाचे, काकांनी बांबूचे. कळी मिटलेलीच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी डोळे मिटून, मोठमोठ्यानं आभार मानले. कळीची एक कड काळी पडली. परीनंच फसवलं, असं काका म्हणू लागले.

तिसऱ्या दिवशी आबांनी पंगतीवरून बोट फिरवलं. "एक, दोन, तीन, चार, पाच. बसले सगळे. करा सुरू."

आई चुलीपुढे धुरात भाकरी थापत होती. गोदूच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं आपलं ताट पालथं घातलं.

"पाच कसे, आबा? आपण सहा आहोत. तुम्ही कावळ्यालासुद्धा मोजता, मग माझ्या आईला का नाही मोजत?"

मी बसले तर गरम भाकरी कोण वाढणार, असं आई हळूच म्हणाली. तेव्हा बाबा उठले. बाजारासाठी विणलेली सगळ्यात सुबक दुरडी त्यांनी आणली. जन्मभर टोपल्या विणल्या, पण भाकऱ्या ठेवायला घरात एक दुरडी नव्हती!

शेवटची भाकरी होईपर्यंत सगळे थांबले. भुकेला नामूही थांबला. भरलेली दुरडी पंगतीच्या मधोमध ठेवली. आबांनी आपल्या शेजारी सहावं ताट मांडलं आणि आई संकोचत त्यापुढे बसली.

"केशर, तू पडलीस आणि मी हंडा पाहिला," बाबा म्हणाले. "चुकलं माझं. तू राबतेस म्हणून हे घर जेवतं. हे मी तुला कधी बोललोच नाही."

टप्प! गोदूच्या हातातली कळी उमलली. तिच्या रुपेरी पाकळ्या आईच्या ताटात पडल्या आणि पहिल्याच घासाला आईचे ओठ गुलाबी झाले. दुरडीच्या काठावर परी बसली होती.

"रोज हिला शेवग्याचा पाला आणि पोटभर भाकरी द्या," ती म्हणाली. "आणि मोजायला चुकू नका."

खोपटात सोनेरी उजेड भरला. तो ओसरला, तेव्हा परी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी पुन्हा बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. आई विहिरीवरून अजून यायची होती. काकांनी उचललेला घास खाली ठेवला आणि ते तिच्या डोक्यावरचा हंडा घ्यायला धावले. बाहेर कावळा काव काव करत होता.

"थांब रे बाबा जरा," आबा त्याला म्हणाले. "तिला येऊ दे."